शोधयंत्र बसवण्याआधी

गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षिकांनी आम्हांला एक छायाचित्र पाठवले. ते त्यांच्या संगणकाच्या पडद्याचे होते आणि पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. ओळींचा मथितार्थ असा : ही आज्ञावली ५५ क्रमांकाच्या आवृत्तीसाठी तयार केलेली आहे, या संगणकावरचे जावा फक्त ५२ पर्यंतच्या आवृत्त्या ओळखते. खाली बाईंचा प्रश्न होता : "सर, हे ५५ म्हणजे काय? संगणक बिघडला का? शुक्रवारी पालकसभा आहे."

प्रकरण असे होते. या शाळेत जवळजवळ तीस वर्षे दर वर्षी मुलांचे हस्तलिखित निघत आले आहे. गावातल्या विहिरींची पातळी, ओढ्यातले मासे, आजीने सांगितलेली औषधी झाडे, ग्रहणाच्या दिवशी घेतलेल्या तापमानाच्या नोंदी, असे बरेच काही त्यांत आहे. चार वर्षे खपून मुलांनी हे सगळे संगणकावर टंकलिखित केले. मग शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने या मजकुरात शब्द शोधून देणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. त्याच्या स्वतःच्या संगणकावर ती उत्तम चालत होती. शाळेच्या संगणकावर मात्र वरील चार ओळी येऊन थांबली.

'माझ्याकडे चालते, तुमच्याकडे का चालत नाही?' हा प्रश्न संगणकाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकला असेल. शाळेतील संगणकाचे काम बहुधा विज्ञान किंवा गणित शिक्षकांच्याच गळ्यात पडते. म्हणून बाईंना आम्ही जे सांगितले, ते थोडे विस्ताराने येथे मांडत आहोत.

आधी शोधयंत्र करते काय ते पाहू. पाठ्यपुस्तकात 'बाष्पीभवन' हा शब्द कुठे कुठे आला आहे हे शोधायला पान पहिले ते पान शेवटचे असे वाचत गेले तर तास जाईल. संदर्भग्रंथाच्या शेवटी सूची असते, तीत शब्दासमोर पृष्ठक्रमांक दिलेले असतात. शोधयंत्र अशीच सूची करते, पण प्रत्येक शब्दाची. वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. फळ्यावर पाच वाक्ये लिहून त्यांना क्रमांक द्या. मुलांनी वहीत प्रत्येक वेगळा शब्द एकेका ओळीवर लिहावा आणि पुढे तो ज्या वाक्यांत आला त्यांचे क्रमांक लिहावेत. आता 'पाणी' आणि 'उष्णता' हे दोन्ही शब्द असलेले वाक्य कोणते, असे विचारा. मुले वाक्ये न वाचता दोन ओळींतले सामाईक क्रमांक शोधतील. सर्व्हरवर बसवलेली मोठी शोधयंत्रेही हेच करतात, फक्त वाक्यांच्या जागी तिथे कोट्यवधी दस्तऐवज असतात.

आज जगात फार मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा असा एक सूचीकार म्हणजे ल्यूसीन. डग कटिंग यांनी तो १९९९ मध्ये लिहून सर्वांना खुला केला. ल्यूसीन हे त्यांच्या पत्नीचे मधले नाव. पुढे ल्यूसीनला पोटात घेऊन सर्व्हरवर चालणाऱ्या दोन मोठ्या आज्ञावल्या निघाल्या. यॉनिक सीली यांनी २००४ मध्ये सुरू केलेली सोलर ही एक आणि शे बॅनन यांनी २०१० मध्ये आणलेली इलॅस्टिकसर्च ही दुसरी. (बॅनन यांची सुरुवात पत्नीच्या पाककृती शोधण्यासाठी काहीतरी करावे अशी झाली होती. शोधयंत्रांच्या इतिहासात पत्नींचा वाटा मोठा दिसतो!) आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पीएच.डी.चे प्रबंध ठेवणारे 'शोधगंगा' हे भांडार डीस्पेस नावाच्या आज्ञावलीवर उभे आहे आणि डीस्पेसमधला शोध सोलरकडून होतो.

हे सगळे जावा भाषेत लिहिलेले आहे. जावातील आज्ञावली संगणकाच्या प्रोसेसरला थेट कळत नाही. ती आधी एका मधल्या संकेतभाषेत रूपांतरित होते आणि त्या संगणकावर बसवलेले जावाचे 'आभासी यंत्र' ते संकेत वाचून प्रोसेसरकडून काम करवून घेते. म्हणजे इमारत अशी : तळाशी प्रोसेसर आणि स्मृती, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम, त्यावर जावाचे आभासी यंत्र, त्यावर ल्यूसीन आणि सर्वांत वर आपली शोध-आज्ञावली. कोणत्याही दोन मजल्यांचा जिना जुळला नाही की वर जाता येत नाही. सुसंगततेच्या याद्या इंग्रजीत कितीही लांबलचक असल्या तरी त्यांत या जिन्यांचीच मापे दिलेली असतात.

आता ५५ कडे वळू. जावाच्या प्रत्येक रूपांतरित फाइलच्या आरंभी आठ बाइटांचा एक मथळा असतो. पहिले चार बाइट नेहमी २०२, २५४, १८६, १९० हेच असतात. षोडशमान पद्धतीत हे आकडे लिहिले तर अक्षरे जुळून इंग्रजीत 'कॅफे बेब' असे वाचता येते. जावा तयार करणाऱ्यांची ही गंमत, पण उपयोगाची : फाइल खरोखरच जावाची आहे याची ती खूण. पुढच्या चार बाइटांत आवृत्ती असते आणि तिचा मुख्य क्रमांक शेवटच्या दोन बाइटांत. जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की हा क्रमांक येतो. जावा ८ साठी ५२, जावा ११ साठी ५५, १७ साठी ६१, २१ साठी ६५. बाईंच्या पडद्यावरचे कोडे असे वजाबाकीने सुटते. आज्ञावली जावा ११ ची होती, शाळेत जावा ८ होते. बिघडले काहीच नव्हते.

माजी विद्यार्थ्याने ल्यूसीनची ९वी आवृत्ती वापरली होती आणि तिला किमान जावा ११ लागते. ल्यूसीनच्या १०व्या आवृत्तीला तर २१ लागते. नव्या आभासी यंत्राला सहसा जुन्या फाइली वाचता येतात, जुन्याला नव्या वाचता येत नाहीत. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. ज्या संकेतांचा अर्थ पुढे ठरणार आहे ते आधीच्या यंत्राला कसे कळावेत? उलट, 'मला हे कळत नाही' असे पहिल्या आठ बाइटांतच सांगून थांबणे हा प्रामाणिकपणा आहे. न कळता पुढे चालत राहणे किती महाग पडते ते थोड्या वेळाने पाहू.

"मग नवे जावा टाकते," बाई म्हणाल्या. आम्ही थांबवले. शाळेच्या कार्यालयातील एक जुनी आज्ञावली त्याच संगणकावर जावा ८ च्या भरवशावर चालत होती आणि ते काढले असते तर पालकसभेआधी मुख्याध्यापकांची सभा झाली असती. एका संगणकावर दोन जावा सुखाने नांदू शकतात. नवे जावा वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडून ठेवायचे आणि शोध-आज्ञावलीला तेवढा त्याचा पत्ता द्यायचा. संगणकाचे मुख्य जावा कोणते ही नोंद बदलायची नाही. ही अडचण इतकी सार्वत्रिक आहे की २०१९ मध्ये आलेल्या ७व्या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्च स्वतःचे जावा पेटीतच घेऊन येते.

इथे दुसरा जिना अडला. शाळेच्या संगणकातील प्रोसेसर ६४ बिटांचा होता, पण वरची ऑपरेटिंग सिस्टीम कोणीतरी पूर्वी ३२ बिटांची टाकलेली. ३२ बिटांत मावणारे वेगवेगळे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ म्हणजे ४ गिगाबाइट एवढेच, आणि त्यांतलाही मोठा भाग ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःकडे राखते. ल्यूसीनची एक सवय येथे नडते. सूचीच्या फाइली ती तुकड्यातुकड्याने वाचत बसत नाही, तर संपूर्ण फाइल जणू स्मृतीतच आहे असे समजून तिला पत्ते देऊन टाकते. प्रत्यक्ष पान लागेल तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम ते तबकडीवरून आणते. ६४ बिटांत पत्त्यांना तोटा नसतो. ३२ बिटांत मोठ्या सूचीला पत्तेच पुरत नाहीत, मग स्मृती कितीही बसवा. शाळेची सूची लहान होती, तेव्हा भागलेही असते. पण नव्या जावाची ३२ बिटांसाठीची रूपे मिळणे दुरापास्त होत चालले आहे. म्हणून सर्व मजकुराची आधी दुसऱ्या तबकडीवर प्रत घेऊन ६४ बिटांची सिस्टीम टाकायला सांगितली. पालकसभा तोवर होऊन गेली होती.

आता न कळता पुढे चालण्याची गोष्ट. २८ जुलै २०११ रोजी जावा ७ जाहीर झाले. त्याच दिवशी ल्यूसीन आणि सोलरच्या कार्यकर्त्यांनी जाहीर इशारा दिला की हे जावा वापरू नका. आभासी यंत्र वारंवार लागणाऱ्या संकेतांचे प्रोसेसरच्या भाषेत कायमचे भाषांतर करून ठेवते आणि ते करताना पुनरावर्ती भाग अधिक वेगवान करून घेते. जावा ७ मध्ये हे वेगवान करणेच चुकत होते. काही पुनरावृत्तींचे भाषांतर चुकीचे होई. इंग्रजी शब्दांचे मूळ रूप काढणारी मार्टिन पोर्टर यांची १९८० ची प्रसिद्ध रीत सोलरमध्ये आहे. तिच्यात हा दोष नेमका उघडा पडे आणि दस्तऐवज घालायला सुरुवात करताच सर्व्हर कोसळे. कोसळणे परवडले, दुसऱ्या ठिकाणी हाच दोष सूचीत चुकीच्या नोंदी करू शकत होता, आणि तेही मुकाट्याने. सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०११ मध्ये आली.

या घटनेतला एक तपशील आम्हांला फार शिकवणारा वाटतो. हे भाषांतर तोच भाग हजारो वेळा चालल्यावर होते. दहा-वीस दस्तऐवज घालून 'चाचणी' करणाऱ्याला सर्व काही ठीक दिसू शकते, कारण दोषी भाषांतर अजून झालेलेच नसते. तेव्हा 'जावा ७ किंवा त्यापुढचे' एवढे म्हणून भागत नाही, ७ची कोणती दुरुस्ती हेही लागते. आणि चाचणी खऱ्याएवढ्याच मजकुरावर घ्यावी.

शाळेच्या एका संगणकावरून अनेकांना सेवा देणाऱ्या सर्व्हरकडे गेलो की ऑपरेटिंग सिस्टीमच्या मर्यादा आडव्या येतात. लिनक्समध्ये एका कार्यक्रमाने एका वेळी किती फाइली उघड्या ठेवाव्यात याची नेहमीची मर्यादा १०२४ असते. ल्यूसीनची सूची अनेक खंडांत असते आणि प्रत्येक खंडाच्या अनेक फाइली. म्हणून सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही मर्यादा ६५ हजारांच्या आसपास न्यायला सांगतात. मघाशी सांगितलेल्या 'पत्ते देण्याच्या' सवयीलाही मर्यादा असते. लिनक्समध्ये ती वर्षानुवर्षे ६५,५३० राहिली, तर इलॅस्टिकसर्चला किमान २,६२,१४४ हवी असते. दुसरी संख्या २ चा १८वा घात आहे हे मुले ओळखतील. पहिली मात्र विचित्र वाटेल. सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. तिच्यातून ५ राखीव ठेवून ६५,५३० उरले.

२०१६ च्या ५व्या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्च या गोष्टी सुरू होतानाच तपासते. ती फक्त स्वतःच्या संगणकापुरती चालवली तर त्रुटींबद्दल इशारा देऊन पुढे जाते. इतर संगणकांसाठी खुली केली की तीच त्रुटी दिसताच सुरू व्हायला नकार देते. पुष्कळांना हा हट्टीपणा वाटतो. आम्हांला तो योग्य वाटतो, प्रयोगशाळेत गॅसची नळी तपासल्याशिवाय बर्नर पेटवू न देणाऱ्या सहायकाइतका योग्य.

स्मृतीबाबत एक गैरसमज आम्ही नेहमी पाहतो : जावाला जितकी जास्त स्मृती देऊ तितके बरे. तसे नसते. सूचीची पाने आणून हाताशी ठेवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते आणि तिच्याही वाट्याला स्मृती हवी. म्हणून संगणकातील स्मृतीच्या निम्म्याहून जास्त जावाला देऊ नये असा संकेत आहे. मोठ्या सर्व्हरवर आणखी एक मजा आहे. जावा आपल्या वस्तूंचे पत्ते ३२ बिटांत लिहून जागा वाचवते. प्रत्येक वस्तू ८ बाइटांच्या पटीतच ठेवायची असे ठरवल्यामुळे ४ गिगाबाइटच्या आठपट, म्हणजे ३२ गिगाबाइटपर्यंत हे लहान पत्ते पुरतात. त्यापलीकडे एक पाऊल टाकले की प्रत्येक पत्ता दुप्पट लांबीचा होतो. त्यामुळे जावाला ३४ गिगाबाइट देणाऱ्याला ३१ देणाऱ्यापेक्षा कमी वस्तू ठेवता येतील असेही घडते.

यानंतरची गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे. ल्यूसीनची कोणतीही मुख्य आवृत्ती केवळ आपल्या लगतच्या आधीच्या मुख्य आवृत्तीने केलेली सूची वाचते. ९वीला ८वीची सूची चालते, ७वीची नाही. पूर्वी एकेक पायरी चढत जुनी सूची वर आणता येई. २०१९ च्या ८व्या आवृत्तीपासून सूची मुळात कोणत्या आवृत्तीत जन्मली हे तपासले जाते आणि ती फार जुनी असेल तर नाकारली जाते. कारण समजण्याजोगे आहे. दस्तऐवजाची लांबी सूचीत एका बाइटात कोंबलेली असते, म्हणजे अचूक नव्हे तर अंदाजे. कोंबण्याची रीत बदलली तर जुन्या अंदाजावरून मूळ लांबी परत मिळत नाही. मूळ मजकुराकडेच जावे लागते.

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयात आम्ही काही वर्षांपूर्वी शोध-सर्व्हर बदलला. लेख आणि प्रबंध मूळ स्वरूपात होतेच, त्यांची नवी सूची एका रात्रीत झाली. आम्ही समाधानाने जुन्या सर्व्हरची तबकडी पुसून दुसऱ्या कामाला दिली. दोन महिन्यांनी ग्रंथपाल बाईंनी विचारले, कोणता प्रबंध किती वेळा वाचला गेला याच्या नोंदी कुठे आहेत? त्या नोंदी फक्त जुन्या सूचीत होत्या. त्यांचे 'मूळ' म्हणून वेगळे काही नव्हतेच. सूचीच्या फोल्डरची एक प्रत सापडली, पण नवी आवृत्ती ती उघडेना. जुनी आवृत्ती आणि तिच्यासाठी जुने जावा शोधून दुसऱ्या संगणकावर बसवले, तेव्हा कळले की प्रत सर्व्हर चालू असताना घेतली होती. फाइली त्या क्षणीही बदलत होत्या, आणि काही प्रतीत आल्याच नव्हत्या. तुटलेले खंड टाकून उरलेले वाचवणारे हत्यार ल्यूसीनसोबत मिळते, त्याने बराच भाग सोडवला. शेवटच्या वर्षभराच्या नोंदी गेल्या. ज्यांचे प्रबंध त्या वर्षी दाखल झाले होते त्यांना आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

म्हणून बाईंच्या शाळेत कोणीतरी "आता शोध चालतो, मग टंकलिखित फाइली ठेवून जागा कशाला अडवायची?" असे म्हणाल्याचे ऐकल्यावर आम्ही त्याच दिवशी फोन केला. फाइली राहिल्या, आणि दुसरी प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली.

शोध चालू झाला तरी सर्व सापडेना. 'ॲसिड' शोधले की काही लेख येत, काही येत नसत. मराठीतला हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी टंकलेखन करणारे ऍ वापरत, किंवा अ ला वरून अर्धचंद्र जोडत. डोळ्याला तिन्ही जवळजवळ सारखेच, संगणकाला तीन वेगळ्या संख्या. जावाची गाठ येथेही पडते. कोणता संकेत अक्षर आणि कोणता नाही याचा तक्ता जावासोबत येतो. जावा ६ मधला तक्ता युनिकोड ४.० चा होता. त्यात ॲ नाहीच, त्यामुळे या तक्त्यावर विसंबून शब्द तोडणारी आज्ञावली 'ॲसिड'चा आरंभीचा स्वर विरामचिन्हासारखा फेकून देई. जावा ७ पासून युनिकोड ६.० आले आणि ही अडचण मिटली. शाळेत जावा ११ होते, म्हणून तिथे दोष तक्त्याचा नव्हता, तीन लेखनरूपांचा होता. सूची करण्याआधी तिन्ही रूपे एकाच रूपात आणायचा नियम माजी विद्यार्थ्याने आज्ञावलीत घातला आणि सूची नव्याने केली. मूळ फाइली असल्यामुळे या कामाला सात मिनिटे लागली.

सर्वांत जुन्या तीन वर्षांचा मजकूर मात्र अजून शोधात येत नाही. तो युनिकोडपूर्व काळातल्या एका फाँटमध्ये आहे. पडद्यावर देवनागरी दिसते, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचे संकेत आहेत, आणि शोधयंत्र बिचारे त्यांनाच शब्द समजते. कोणत्या संकेताला कोणते अक्षर याचा तक्ता नववीच्या मुलांनी फळ्यावर करायला घेतला आहे. बाईंच्या शेवटच्या निरोपाप्रमाणे जोडाक्षरे सोडून बाकीचा झाला आहे.